व्हिनाइल काढलं, आता टाइल बसवायची आहे: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर आणि आसपास फरशीची कामं करताना जे प्रश्न रोज कानावर येतात, तेच इथे घेतले आहेत. टाइल कोणती घ्यावी, रंग कोणता, हे दुकानदार सांगेलच. इथे फक्त टाइलच्या खालच्या जमिनीबद्दल.

व्हिनाइल तसंच ठेवून वरून टाइल बसवली तर काय बिघडतं?

व्हिनाइल दबतं, टाइल दबत नाही. कपाटाचा पाय, पलंगाचा पाय, शिलाई मशीन, जिथे वजन पडतं तिथे खालचं शीट कणभर खाली जातं आणि वरची टाइल अधांतरी राहते. आधी सांध्यातलं ग्राउट भुरभुर निघतं, मग टाइल हलते, मग कोपरा तुटतो. त्यातून आपल्याकडे बहुतेक घरांत शीट नुसतंच अंथरलेलं असतं, कडेला तेवढं सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा गोंद. अशा शीटवर टाइल म्हणजे गादीवर फरशी. काढाच.

शीट निघालं, पण खाली सोल्यूशनचा पिवळट थर राहिलाय. मिस्त्री म्हणतो, सिमेंट-रेतीचा मसाला टाकला की झाकतंय. खरं आहे का?

झाकतं, पण धरत नाही. या सगळ्या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

सिमेंट किंवा टाइल ॲडेसिव्ह जमिनीला धरतं ते जमिनीच्या बारीक छिद्रांत शिरून. सोल्यूशन, फेव्हिकॉल किंवा डांबरी चिकटा या छिद्रांवर कातडी चढवून बसलेला असतो. मसाला त्या कातडीला चिकटतो आणि कातडी जमिनीला, म्हणजे तुमच्या टाइलचा सगळा भरवसा वीस वर्षांपूर्वीच्या सोल्यूशनवर. उन्हाळ्यात ते मऊ पडतं, ओल लागली की सुटतं.

हे मी स्वतःच्या घरात शिकलो. विजापूर रोडच्या घरात पुढच्या खोलीतलं शीट काढलं, लग्नाची घाई होती. मिस्त्री म्हणाला, "कशाला उगं खरडायलाव मालक, वर घोळ मारतो की." घोळ म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट. मी हो म्हटलं. पहिला उन्हाळा गेला आणि दाराजवळच्या चार टाइल पोकळ वाजायला लागल्या. दिवाळीच्या आधी एक हातानेच उचलून आली, अख्खी, चिरही नाही. उलटी करून पाहिली तर पाठीला मसाला जसाच्या तसा, आणि मसाल्याच्या तळाला सोल्यूशनचा चकचकीत पट्टा, त्यावर जुन्या शीटची जाळी उमटलेली. टाइल चांगली होती, मसालाही चांगला होता. अख्खी खोली नव्याने केली.

मग हा थर काढायचा कसा?

आधी एक कोपरा करून बघा. चिकटा कोणता आहे त्यावर रीत ठरते.

पांढरट, फेव्हिकॉलसारखा असेल तर गरम पाणी. जुनं पोतं किंवा झिजलेली सोलापुरी चादर भिजवून अर्धा तास पसरून ठेवा, मग रुंद पट्टीने खरवडा. लापशीसारखा सुटतो.

पिवळा, रबरासारखा ताणला जाणारा असेल तर पाण्याने हलत नाही. त्याला हीट गन. एका वेळी हातभर जागा तापवायची, मऊ झाला की लगेच पट्टी चालवायची. धूर यायला लागला म्हणजे जास्त तापलं. खिडक्या उघड्या ठेवा.

एवढं करूनही छिद्रांत उरतोच. तो काढायला ग्राइंडरला हिऱ्याची वाटी लावून कोबा, म्हणजे सिमेंटची जमीन, वरून मिलिमीटरभर घासायचा किंवा छिन्नी-हातोडीने टाचे मारायचे, म्हणजे बारीक खाचा पाडायच्या. ग्राइंडरला धूळ ओढणारं यंत्र जोडलेलं हवं, नाहीतर धूळ आठवडाभर घरभर. पण ग्राइंडर लावण्याआधी खालचा काळ्या चिकट्याचा प्रश्न वाचा.

शीटखाली वर्तमानपत्रं घातली असतील तर कागदाचा एकेक पापुद्रा निघाला पाहिजे. भिजवून निघतो. वाचत बसू नका, दिवस जातो.

रॉकेल, पेट्रोल, थिनर, ॲसिड? दुकानात तर देतात.

पेट्रोल आणि थिनर बंद खोलीत ओतणं म्हणजे जिवाशी खेळ. वाफ जमिनीलगत पसरते, शेजारच्या खोलीतल्या देवघरातल्या समईपर्यंत जाते. आगीचं सोडलं तरी चिकटा विरघळून कोब्याच्या आत झिरपतो, वरून स्वच्छ दिसतो आणि टाइलला दगा देतो. रॉकेल तर तेलच, ते मुरलं की जमीन गेली. बाजारात मिळणाऱ्या चिकटा काढणाऱ्या द्रवांचंही तेच: त्यांचा अंश राहिला तर वरचं काही धरत नाही.

ॲसिडने चिकटा जात नाही. कोबा तेवढा खातो, मागे क्षार सोडतो आणि श्वास कोंडतो.

आमच्याकडे लहान चौकोनी तुकडे होते, ९ इंची, खाली काळा चिकटा. ते काही वेगळं आहे का?

हो, आणि इथे घाई करू नका. १९८० च्या दशकापर्यंत जगभर बनलेल्या पुष्कळ व्हिनाइल टाइलमध्ये, काही शीटच्या पाठीच्या कागदी थरात आणि काळ्या डांबरी चिकट्यात ॲस्बेस्टॉस घालत असत. जुन्या कचेऱ्या, दवाखाने, क्वार्टर, सधन घरं इथे असा माल सापडू शकतो. अखंड टाइल त्रास देत नाही. ती फोडली, घासली, सुकी खरवडली की तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात कायमचे बसतात. आजार वीस-तीस वर्षांनी उगवतो, तेव्हा फरशीची आठवणही नसते.

ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे नुसतं बघून कुणी सांगू शकत नाही, प्रयोगशाळेत तुकडा तपासावा लागतो. तोपर्यंत आहे असंच धरून चला: ग्राइंडर नाही, सुकी झाडझूड नाही, तोंडाला नुसता रुमाल बांधून काम नाही. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे ते न काढता वरून जाड प्लास्टिक अंथरून त्यावर जाळीसह स्वतंत्र मसाल्याचा थर टाकायचा. उंची दीड-दोन इंच वाढते, ती सोसा. काढायचंच असेल तर या कामाची माहिती असलेल्या माणसाकडून, ओलं ठेवून, अख्खे तुकडे उचलून, दुहेरी पिशवीत बंद करून. आपल्याकडे ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी नाही, त्यामुळे कुणी येऊन तुम्हाला अडवणार नाही. काळजी आपणच घ्यायची.

चिकटा पूर्ण गेला हे ओळखायचं कसं?

बोटं ओली करून जमिनीवर पाणी शिंपडा, दहा ठिकाणी. थेंब पाच-सात मिनिटांत शोषला जाऊन डाग गडद झाला तर जमीन तयार. थेंब अळूच्या पानावरच्यासारखा गोल बसून राहिला तर तिथे अजून काहीतरी आहे: चिकटा, तेल, मेण किंवा घोटलेल्या कोब्याची चकाकी. खडूने गोल करा आणि तेवढंच परत घासा. लाल कोबा वर्षानुवर्षं घोटून, मेण लावून गुळगुळीत केलेला असतो. त्याला टाचे मारल्याशिवाय गत्यंतर नाही.

खालच्या खोलीत पूर्वी माग होते. जमीन काळी पडली आहे. टाइल बसेल का?

हा प्रश्न बहुधा सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीकडूनच येत असेल. सोलापूरच्या पूर्व भागात अशी कितीतरी घरं आहेत: खाली यंत्रमाग, वर राहणं. माग विकले, खालच्या खोलीत व्हिनाइल टाकून ती भाड्याने दिली किंवा मुलाच्या संसाराला दिली. आता शीट उचललं की खाली मागाच्या आकाराचे काळे चौकोन दिसतात आणि खोलीत अजून ऑइलचा वास येतो.

मुरलेलं ऑइल पुसून जात नाही. कॉस्टिक सोडा किंवा डिग्रीजरने धुतलं की दोन दिवस छान दिसतं, थेंबही शोषला जातो. चौथ्या दिवशी आतलं तेल परत वर येतं. म्हणून अशा जमिनीवर थेंबाची परीक्षा धुतल्यावर लगेच घेऊ नका, आठवडा जाऊ द्या. डाग उथळ असेल तर तेवढा कोबा अर्धा-पाऊण इंच फोडून नव्याने भरा. खोल असेल तर मी सांगतो की त्याच्याशी कुस्ती करू नका. प्लास्टिक अंथरा, वर वेल्डमेश (लोखंडी जाळी), त्यावर दोन इंच मसाला किंवा बारीक काँक्रीट. जुन्या जमिनीला चिकटायची गरजच ठेवायची नाही.

दोन गोष्टी आणखी बघा. मागाचे पाय बोल्टने आवळलेले असत, ते कापलेले बोल्ट वरून सिमेंट फासून झाकलेले असतात. ते गंजून फुगतात आणि टाइल उचलतात, म्हणून खणून काढा. आणि घर त्याहून जुनं, हातमागाच्या काळातलं असेल तर खड्ड्याचा माग कुठे होता ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. विणकर पाय खाली सोडून बसायचा तो खड्डा नंतर माती-मुरूम टाकून बुजवलेला असतो, धुम्मस न करता, म्हणजे ठोकून घट्ट न करता. साखर पेठेतल्या एका घरात आजींनी काठी टेकवून दाखवलं, "इथं बसायचे मामंजी." काठी टेकली तिथेच जमीन बोटभर खाली गेलेली होती, पलंगाएवढ्या आकारात. तो भाग उकरून, थराथराने पाणी मारून ठोकून, मगच वर काँक्रीट केलं.

शीटखाली शहाबादी निघाली. ती काढावी की ठेवावी?

शहाबाद आपल्या शेजारी, म्हणून जुन्या सोलापुरात ही फरशी घरोघरी. दगड उत्तम असतो, प्रश्न त्याच्याखाली असतो. काठीच्या टोकाने किंवा नाण्याने प्रत्येक फरशी ठोकून बघा. भरीव वाजली तर राहू द्या. पोकळ वाजली किंवा पाय दिल्यावर डुचमळली तर ती उचला, खालचा भुसभुशीत चुना-मुरूम काढा आणि नव्या मसाल्यावर परत बसवा. पन्नासातल्या वीस-पंचवीस पोकळ निघाल्या तर सरसकट काढलेलं स्वस्त पडतं.

ठेवलेल्या फरशीवर टाचे मारा, सांधे उकरून भरा आणि ॲडेसिव्ह जुन्या फरशीवर चालणारं घ्या. पॉलिश केलेल्या दगडावर साधा सिमेंटचा घोळ धरत नाही.

(शहाबादी चांगली असेल तर मी आधी विचारतो, टाइल हवीच का? घासून पॉलिश करून घ्या, उन्हाळ्यात पाय गार राहतील. दहातले नऊ जण टाइलच म्हणतात.)

शीट उचललं तर खाली ओल आणि पांढरी पावडर. गळती आहे का?

तळमजला असेल तर बहुतेक वेळा गळती नसते. जमिनीतली ओल वर येते, कोब्यातून बाहेर पडते. व्हिनाइलने तिला झाकण घातलं होतं, म्हणून ती खाली साठली. पांढरं जे दिसतं ते पाण्याबरोबर वर आलेले क्षार. सुक्या ब्रशने झाडून काढा. धुतलं तर विरघळून परत आत जातात.

नंतर परीक्षा: दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि किमान १६ तास तसंच ठेवा. काढल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालची जमीन गडद झाली असेल तर ओल आहे.

पण ही परीक्षा मे महिन्यात केली तर फसाल. बेचाळीस डिग्रीत सोलापुरात काय ओलं राहतंय? आपला खरा पाऊस सप्टेंबरात. तेव्हा जी भिंत फूटभर ओली होते, तिच्या शेजारची जमीनही ओली होते. म्हणून उन्हाळ्यात काम करायचं असेल तर भिंतीच्या पायाकडे बघा: रंगाचे पापुद्रे, फुगलेलं प्लास्टर, जुन्या ओलीची रेघ. खूण दिसली तर जमीन कोरडी असली तरी ओल रोखणारं सिमेंट-पॉलिमर कोटिंग दोन हात मारून घ्या.

टाइलला थोड्या ओलीने काही होत नाही, टाइलखाली व्हिनाइलसारखी बुरशी येत नाही. त्रास होतो तो क्षारांचा. सांध्यांतून पांढरी रेघ वर येत राहते आणि पुसून पुसून घरच्यांचा जीव जातो.

कोब्याला तडे आहेत. भरून घेतले की झालं ना?

कोणते तडे, यावर आहे. केसाएवढे, जाळीसारखे, दोन्ही काठ एका पातळीत: हे कोबा वाळताना पडलेले, निरुपद्रवी. साफ करा, घोळ भरा, पुढे चला.

एक काठ वर एक खाली, किंवा नख जाईल एवढा रुंद, भिंतीपर्यंत गेलेला तडा असेल तर थांबा. सोलापूरची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर जमीन दर वर्षी थोडी वरखाली होते. तड्यावर पीओपीचे तीन-चार टिकले लावा आणि बाजूला तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत टिकला फुटला तर तडा जिवंत आहे. जिवंत तड्यावर सिमेंट भरणं वाया. आधी पाणी कुठून येतं ते बघा: फुटकी ड्रेनेज पाइप, भिंतीला लागून असलेली बाग, छपराचं पाणी थेट पायात सोडणारी पन्हळ. मग तड्यावर लवचीक पट्टी किंवा मेम्ब्रेन आणि टाइलचा सांधा शक्यतो तड्याच्या रेषेतच आणून तो ग्राउटऐवजी सीलंटने भरा.

चारही भिंतींशी ६ ते १० मिलिमीटर फट ठेवायला सांगा. मिस्त्री भिंतीला टाइल घट्ट ठोकतात, ती सफाई नव्हे. उन्हाळ्यात फरशी फुगायला जागा लागते, नाहीतर खोलीच्या मधोमध तंबूसारखी उचलते. फट स्कर्टिंगखाली झाकली जाते.

जमीन सपाट आहे की नाही कसं बघायचं?

दहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवा आणि खालून उजेड दिसतो का बघा. १५ इंचांपेक्षा लहान टाइलला दहा फुटांत ६ मिलिमीटरपर्यंत खड्डा चालतो. मोठी टाइल, म्हणजे हल्लीची दोन बाय दोन फुटी, असेल तर ३ मिलिमीटर. सपाट आणि लेव्हल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोली एका बाजूला किंचित उतरती असली तरी चालेल, मध्ये खड्डा नको. मोरी आणि न्हाणीला तर उतार हवाच, ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, मीटरला एक सेंटिमीटरच्या आसपास.

खड्डे मसाल्याने भरू की सेल्फ लेव्हलिंग?

दीड-दोन इंच उंची वाढायला हरकत नसेल तर सिमेंट-रेतीचा मसाला. आपले मिस्त्री त्यात तरबेज आहेत. उंची वाढवायची नसेल तर जमीन दुरुस्त करून ॲडेसिव्ह. त्याचा थर ३ ते ६ मिलिमीटर, तो खड्डे भरायला नाही.

सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारं सिमेंटचं मिश्रण, छान, पण प्रायमरशिवाय नको, आणि आपल्या उन्हात ते फार लवकर बसतं. सकाळी सातला, पंखे बंद करून, गार पाण्यात कालवून ओता. बादली कालवून चहाला गेलात तर बादलीसकट टाकून द्यावं लागतं.

ॲडेसिव्हच्या पिशवीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि प्रकार लिहिलेला असतो. घरातल्या सिमेंटच्या जमिनीवर सिरॅमिक बसवायला पहिला प्रकार पुरतो, जुन्या फरशीवर वरचा लागतो. २० किलोची पिशवी ३ मिलिमीटर थराला साधारण ४५ ते ५० चौरस फूट जाते, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीला तीन पिशव्या धरा.

सिरॅमिक टाइल पाण्यात भिजवायची ना?

मसाल्यावर बसवत असाल तर हो. सिरॅमिक पाणी ओढते, कोरडी लावली तर घोळातलं पाणी पिऊन टाकते. ॲडेसिव्हवर कोरडीच, फक्त पाठ पुसून. हे दोन्ही नियम मिस्त्री सर्रास उलटे करतात.

उन्हाळ्यात काम काढू की नको?

व्हिनाइल काढून जमीन उघडी ठेवायला उन्हाळा उत्तम. नवा मसाला टाकायला वाईट. टाकलेला थर सात दिवस ओला राहिला पाहिजे आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये सकाळी मारलेलं पाणी दहाला उडून जातं. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून लोक क्युरिंगमध्ये कसूर करतात. भिजवलेलं गोणपाट आणि वर प्लास्टिक: पाणी निम्म्याहून कमी लागतं. बोअरचं पाणी खारट असेल तर मसाला कालवायला ते वापरू नका, तेच क्षार पुढे सांध्यांतून बाहेर येतात.

शेवटी झाडून घेतलं की लगेच टाइल?

झाडून, मग ओल्या फडक्याने पुसून. तळहात फिरवा, पांढरा झाला तर अजून धूळ आहे. आणि जमिनीवर कोरडं सिमेंट भुरभुरवू देऊ नका. ते पाणी ओढून खपली होतं आणि टाइल त्या खपलीवर बसते.

दारं घासतील का?

मोजा. व्हिनाइल दोन मिलिमीटरचं होतं, टाइल आणि ॲडेसिव्ह मिळून बारा ते पंधरा, मसाल्यावर बसवली तर दोन इंचांपर्यंत. टाइलचा एक तुकडा, त्याखाली तेवढ्या जाडीची लाकडी पट्टी, असं दाराखाली सरकवून बघा. दार कापायचं ते टाइल बसल्यावर. उंबरठा असेल तर तो नव्या फरशीत बुडणार नाही ना, हे मात्र मसाला टाकण्याआधी बघा. एका घरात उंबरठा जमिनीच्या बरोबरीला आला आणि वहिनींनी सगळं काम थांबवून मिस्त्रीला दारातला मसाला काढायला लावला. दाराशी एक फूट रुंदीत उतार देऊन, उंबरठा बोटभर वर ठेवून मग काम पुढे गेलं.